चारमिनिटे सर आणि अडीच वाजताची शर्यत

चारमिनिटे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव पेन्शनच्या कागदांवर होतं आणि बायकोच्या तोंडी होतं, तेही ती रागावली की. बाकी सगळं गाव त्यांना चारमिनिटे सर म्हणे. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला, आणि चौतीस वर्षं वर्गात पाऊल टाकताच, हजेरीच्याही आधी, फळ्यावर खडू आपटून विचारलं, "पृथ्वीला एक अंश वळायला किती वेळ लागतो?" आणि पोरं छप्पर उडेल अशा आवाजात ओरडत, "चार मिनिटं, सर!" त्या गावातल्या न्हाव्याला, नर्सला, बसच्या ड्रायव्हरला भूगोलातलं दुसरं काही आठवत नसेल, पण झोपेतून उठवून विचारा, चार मिनिटं सांगतील.

सरांच्या डाव्या मनगटावर एक घड्याळ असे आणि खिशात दुसरं. मनगटावरचं देशाच्या प्रमाणवेळेचं, खिशातलं गावाच्या खऱ्या वेळेचं. देशाची वेळ ज्या रेखावृत्तावरून धरतात त्याच्या साडेपाच अंश पश्चिमेला हे गाव. साडेपाच चोक बावीस. म्हणून गावाचा सूर्य सरकारी घड्याळाच्या बावीस मिनिटं मागे. "बाराच्या ठोक्याला सूर्य माथ्यावर येतो असं जो म्हणतो," सर सांगत, "त्याने एक तर घड्याळ पाहिलेलं नाही, नाही तर सूर्य."

ही खिशातली वेळ त्यांना भलतीच प्यारी. लग्नाच्या दिवशी नोंदणी कार्यालयात दहाला बोलावलेलं. नवरी पावणेदहाला हजर, साक्षीदार हजर, अधिकारी पेनाचं टोपण काढून बसलेले. सर उगवले दहा बावीसला, हसतमुख, खिशातलं घड्याळ तळहातावर धरून. "पाहा, आत्ता कुठे दहा होतायत!" नवरी पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "मग त्या घड्याळाशीच लग्न करा. मी साक्षीला उभी राहते." त्याच क्षणी आपण प्रेमात पडलो, असं सर पुढे चारचौघांत सांगत. आणि बायको लगेच विचारी, "म्हणजे त्याआधी पडला नव्हतात? मग आला कशाला होतात?" जेवायची वेळही ते सुरुवातीला खिशातल्या घड्याळाने पाळायला गेले, तर बाईंनी एका वाक्यात निकाल लावला. "माझा स्वयंपाक रेखांशावर शिजत नाही, गॅसवर शिजतो. गरम हवं तर या."

सरांची आणखी एक खोड होती, आणि गाव तिला मनापासून हसे. गाव सोडून कुणीही लांब निघालं, नोकरीला, शिकायला, सासरी, तर सर त्याच्या घरी जात. हातात पत्ता लिहिलेलं एक पोस्टकार्ड देत आणि सांगत, "पोचलास की पहिल्या उन्हात एक काठी सरळ रोव. दोऱ्याला दगड बांधून ती सरळ आहे का बघ. तिथल्या घड्याळाने बाराच्या सुमारास सावली मोजायला लाग, आणि सगळ्यात आखूड कधी झाली ते मला कळव." लोक हो हो म्हणत. परदेशी जाऊन काठ्या रोवायला कुणाला सवड असते? तरीही चौतीस वर्षांत एकशे सहा कार्डं आली होती. त्यांतली निम्मी तरी घरात बसून ठोकून दिलेली असणार, हे सरांना अंशावरून कळे. एका जावईबापूंनी तर अशी वेळ कळवली की त्या हिशोबाने ते भर समुद्रात उभे होते.

आता भिंगरीकडे येऊ. ही कॉलरमावशींची मुलगी. कॉलरमावशी गावाबाहेरच्या शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवत. एका पाळीत चारशे कॉलरी, आणि एकीचंही टोक वाकडं नाही. नवरा लवकर गेला, मुलगी एकटीने वाढवली. भिंगरीला भूगोलात शंभरापैकी पस्तीस पडले होते, आणि त्यातला शेवटचा एक मार्क सरांनी पदरचा घातला होता असं म्हणतात. पण एकदा वर्गात तिने परिवलनाला परिभ्रमण म्हटलं, तेव्हा सर वैतागून म्हणाले, "जा, मैदानाला फेऱ्या मार, म्हणजे पृथ्वीचे हाल कळतील!" ती गेली. तास संपला, पुढचा संपला, शिपाई घंटा देऊन घरी निघाला, तरी पोरगी फिरतेच आहे. शेवटी सर धावत बाहेर. "अगं, थांब की!" तर ती म्हणाली, "पृथ्वी थांबते का, सर?" त्या दिवसापासून ती जी पळत सुटली ती देशाच्या संघात जाऊन पोचली. आपणच तिला घडवलं असं सर म्हणत. मावशी हसून मान डोलावत. पहाटे पाचला तिच्याबरोबर सायकलवर कोण जायचं हे मावशी बोलून दाखवत नसत, आणि गाव विसरत नसे.

त्या जुलैत भिंगरी परदेशात धावणार होती. दहा हजार मीटर, पंचवीस फेऱ्या, जगभरच्या बायकांत. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली: शर्यत शनिवारी, तिथल्या वेळेनुसार दुपारी अडीच वाजता. आपल्या रेडिओवर तिचं वर्णन नाही. पण गावात खरखरे होता. तो रेडिओ दुरुस्त करी, आणि रिकाम्या वेळात शॉर्टवेव्हवर जगभरची केंद्रं धुंडाळी. दुकानात सदा खरखर चालू, म्हणून हे नाव. त्याने छाती ठोकून सांगितलं, "त्या शहराचं स्टेशन मला लागतं. खेळांचं वर्णन थेट देतात. भाषा कळत नाही, पण मावशी, तुमच्या पोरीचं नाव तर कळेल ना?"

मावशींना तेवढं पुरे होतं. पोरगी एवढी वर्षं पळते, पण मावशींनी तिची एकही मोठी शर्यत पाहिली नव्हती की ऐकली नव्हती. दर वेळी निकाल दोन दिवसांनी पेपरात. "एकदाच," त्या म्हणाल्या, "ती पळतेय त्याच घटकेला मला ठाऊक असावं की आत्ता पळतेय."

प्रश्न एवढाच की तिथले अडीच म्हणजे इथले किती? आणि असा प्रश्न त्या गावात दुसऱ्या कुणाला विचारायचा? सर खडू घेऊनच आले. खरखरेच्या दुकानाच्या काळ्या फळीवर, अर्धा गाव बघत असताना, त्यांनी मोठ्या अक्षरांत मांडलं. दोन्ही देशांच्या प्रमाण रेखावृत्तांत अंतर साठ अंश. साठ चोक दोनशे चाळीस मिनिटं, म्हणजे चार तास. आपण पूर्वेला, आपण पुढे. अडीच अधिक चार, संध्याकाळचे साडेसहा. खाली दोन रेघा. "साडेसहा! एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही!"

मावशींची पाळी शनिवारी रात्रीपर्यंत होती. त्यांनी सुपरवायझरबाईंकडून सहाला सुटायची परवानगी काढली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी खुर्च्या कुणी आणायच्या ते ठरवलं. आणि सर तीन दिवस त्या फळीवरून उगाचच येजा करत राहिले. आपलं अक्षर पुसलं गेलंय का ते बघायला, असं म्हणत. ते कशाला जात होते ते बायकोला ठाऊक होतं. "पुसलं नसेल," ती म्हणे, "पण वाचून वाचून झिजलं असेल."

शनिवारी, पाचला वीस मिनिटं कमी असताना, पोस्टमन आला. पाकिटावर परदेशी तिकीट, आत घडी घातलेला कागद. भिंगरीचं अक्षर! सर चहाचा कप हातात घेऊन बसले आणि मोठ्याने वाचू लागले.

सर, नमस्कार, असं पत्रात होतं. काठी मिळाली नाही म्हणून सरावाच्या मैदानात एकीचा भाला रोवला. ती खूप चिडली. बुटाच्या नाडीला दगड बांधून भाला सरळ केला. टेप नव्हती, म्हणून सावली माझ्या बुटाने मोजली. घड्याळ इथल्या भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवलं आहे. बारा वाजून वीस मिनिटं, पाच बूट. बारा चाळीस, पावणेपाच. एक वाजता, पावणेपाचहून थोडी कमी. एक वाजून दहा, साडेचारच्या जरा वर. एक वाजून अठरा, बरोब्बर साडेचार. त्याहून आखूड होईना. एक पंचवीसला परत वाढायला लागली.

"मठ्ठ!" सरांनी कप आपटला. "एक वाजून अठरा! अगं, बारा वाजून अठरा! ते शहर त्यांच्या रेखावृत्ताच्या तीन अंश पश्चिमेला. तीन चोक बारा. सूर्यही वर्षभर काही घड्याळाच्या ठोक्यावर चालत नाही, जुलैत सहाएक मिनिटं रेंगाळतो. बारा आणि सहा अठरा. मिनिटं अचूक आणली पोरीने, आणि तास चुकवला!" आणि त्यांनी लाल पेन काढलं. खरंच काढलं हो. एकावर काट मारून बारा लिहिले.

बायको दारात उभी. "पोर तिकडे देशासाठी धावतेय, आणि तुम्ही तिला इकडे नापास करताय?"

"चूक ती चूक."

"एवढं भाला रोवून, नाडी बांधून, बुटाने मोजणारी मुलगी घड्याळ चुकीचं बघेल?"

"पस्तीस मार्क पडले होते तिला!"

"एकदा बघताना चुकेल," बायको म्हणाली, "सहा वेळा?"

सर कागदाकडे बघत राहिले. बारा वीस. बारा चाळीस. एक. सगळे आकडे एकामागून एक, शिस्तीत. ही पोरगी चुकली नव्हती. मग चुकलं होतं ते भिंतीवरचं घड्याळ. पण ज्या घड्याळावर शर्यती चालतात ते, म्हणजे अख्ख्या शहराचंच घड्याळ, एक तास पुढे कसं असेल? कुणी मुद्दाम पुढे केल्याशिवाय...

सरांच्या हातातलं पेन पडलं.

पाठ्यपुस्तकात, स्थानिक वेळेच्या धड्याच्या अगदी शेवटी, बारीक टायपात चार ओळी होत्या. काही देशांत उन्हाळ्यात दिवसाच्या उजेडाचा फायदा मिळावा म्हणून सगळी घड्याळं एक तास पुढे करतात. दर वर्षी त्या ओळींशी आलं की सर वर्गाला सांगत, "हे वगळा, परीक्षेला येत नाही." चौतीस वर्षं त्यांनी पोरांना ते वगळायला लावलं होतं, आणि वगळून वगळून स्वतःही विसरले होते!

"अहो, काय झालं? चेहरा असा का?"

"तिथले अडीच म्हणजे त्यांच्या प्रमाणवेळेचे दीड!" सर ओरडले. "दीड अधिक चार, साडेपाच! साडेसहा नव्हे, साडेपाच! शर्यत साडेपाचला!"

दोघांनी एकदम भिंतीकडे पाहिलं. पाच वाजून तीन मिनिटं.

"आणि मावशी कारखान्यात," बायको म्हणाली.

सर चप्पल घालायला वाकले, आणि क्षणभर वाकलेलेच राहिले. बायकोने ते बरोबर हेरलं. फळीवरच्या त्या दोन रेघा त्यांच्या डोळ्यांपुढे नाचत होत्या. साडेसहाला सगळा गाव जमणार, रेडिओवर भलतंच गाणं लागणार, आणि रेडिओत बिघाड आहे म्हटलं की झालं. खरखरेच्या डोक्यावर खापर. कुणाला कळणार होतं?

"काय विचार करताय?"

"काही नाही."

"खोटं बोलताना तुम्ही चप्पल उलटी घालता," बायको म्हणाली. खरंच उलटी होती. "पळा!"

आणि चौसष्ट वर्षांचे चारमिनिटे सर पळाले. धोब्याने पाहिलं, इस्त्री हवेत तशीच. भाजीवालीने हाक मारली, "सर, आग लागली का?" सर ओरडले, "एक तास! एक तास!" कुणाला काही कळलं नाही, पण एक तास हा शब्द गल्लीभर झाला.

खरखरेच्या दुकानात शिरले तर काय? रेडिओ टेबलावर पालथा, पाठ उघडी, आतली आतडी बाहेर. खरखरे तोंडात वायर धरून सोल्डरचे डाग देत बसलेला.

"हे काय केलंस?"

"आवाज साफ करतोय, सर. खास मावशींसाठी. साडेसहाला अजून..."

"साडेपाच!"

खरखरेने तोंडातली वायर काढली. बाहेर बोट केलं, फळीकडे. "तिथे साडेसहा आहे."

"ते चूक आहे."

"तुमच्या अक्षरात आहे, सर."

"माझ्या अक्षरात चूक आहे!" सर एवढ्या मोठ्याने ओरडले की समोरचा न्हावी वस्तरा घेऊन दारात आला. त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही. सर वळले आणि त्या दोघांनाही सांगून टाकलं, "मी चुकलो! उन्हाळ्यात ते लोक घड्याळ पुढे ढकलतात. मला ठाऊक होतं आणि मी विसरलो! झालं समाधान? आता सायकल कुणाकडे आहे?"

न्हावी उभ्या आयुष्यात एवढा खूश झाला नव्हता. पण सायकल त्याचीच होती, आणि त्याने ती दिली.

खरखरेने हात चालवले. एक डाग, दुसरा डाग, फुंकर. पाच अठरा. बटण दाबलं, रेडिओ मुका. "अरे देवा!" पुन्हा आत बोट. पाच बावीस. खर्र्र्र! त्या गावात खरखर ऐकून कुणाला एवढा आनंद कधी झाला नसेल. मागचं झाकण लावायला वेळ कुठला? सर सायकलच्या कॅरिअरवर बसले, मांडीवर उघड्या पाठीचा, मोठ्या बॅटरीवर चालणारा रेडिओ, गळ्यात अँटेनाच्या तारेचं भेंडोळं, आणि खरखरे उभा राहून पायडल मारू लागला.

"सर, हलू नका! तो निळा कंडेन्सर सैल आहे!"

"तू खड्डे चुकव! कंडेन्सर मी धरलाय!"

"हाताने धरू नका, शॉक बसेल!"

"बसला!"

चढावर खरखरेचा भाता फुलला. सर मनगटाकडे बघून ओरडत होते, "पाच एकतीस! सुटली असेल! जोरात!" मागून एक रिक्षा हॉर्न वाजवत आली. ड्रायव्हर त्यांचाच जुना विद्यार्थी. "सर, बसा आत!" "रेडिओला धक्का बसेल! तू पुढे राहून वाट मोकळी कर!" मग काय, पुढे रिक्षा पोंपों करत, मागे सायकल, अशी ती वरात कारखान्याच्या फाटकाशी पाच अडतीसला जाऊन थडकली.

वॉचमनने दंडुका आडवा धरला. "रेडिओ आत नेता येत नाही. नियम आहे."

"मग बाहेरच ठेवतो," सर म्हणाले. "आणि कॉलरमावशींना बाहेर आण. त्यांची पोरगी धावतेय."

"त्या सहाला सुटणार आहेत. पास तयार आहे."

"अरे, ती आत्ता धावतेय! आत्ता, या घटकेला!"

वॉचमनने सरांकडे निरखून पाहिलं. गळ्यात तार, पायात उलट्या घातलेल्या चपला. "पृथ्वीला एक अंश वळायला किती वेळ लागतो ते विचारणारे सर तुम्हीच ना?"

"हो! आणि तुला उत्तर येत असेल तर धाव!"

वॉचमन धावला. दंडुका टाकून धावला.

खरखरेने अँटेनाची तार कारखान्याच्या लोखंडी फाटकाला बांधली आणि सुई फिरवू लागला. शिट्टी. कुणाचं तरी हवामान. एक बाई रडत गात होती. मग एकाएकी गर्दीचा मोठा आवाज, समुद्रासारखा, आणि त्यावर एका माणसाचं भराभर बोलणं. "हेच! हेच स्टेशन!"

मावशी आल्या त्या हातात अर्धी कॉलर घेऊनच. मागे सुपरवायझरबाई, तोंड उघडून काहीतरी बोलण्याच्या बेतात. त्यांच्यामागे शिलाईच्या लांब खोलीतल्या चाळीसजणी, खिडक्यांना चिकटलेल्या.

"सर, साडेसहा म्हणाला होतात," मावशी म्हणाल्या.

"मी गाढव आहे, मावशी. बसा."

वॉचमनच्या स्टुलावर त्या बसल्या. रेडिओ पुढ्यात. निवेदक बोलत होता आणि कुणाला एक अक्षर कळत नव्हतं. आत यंत्रांची घरघर. सुपरवायझरबाईंनी मागे वळून हात वर केला, आणि एकेक यंत्र थांबत गेलं.

आणि मग ते आलं. त्या परक्या भाषेच्या मध्येच, थोडं वाकडं, थोडं अडखळत, पण आलं. भिंगरीचं पूर्ण नाव, आडनावासकट, शाळेच्या दाखल्यावर मावशींनी लिहवून घेतलेलं.

मावशींनी कॉलर मुठीत घट्ट धरली. "माझी," त्या म्हणाल्या. एवढंच.

"कितवी आहे? विचार त्याला, कितवी आहे!" सुपरवायझरबाई खरखरेला म्हणाल्या, जणू रेडिओला विचारता येतं.

खरखरेला वीस वर्षं शॉर्टवेव्ह ऐकून त्या भाषेतले आकडे आणि हवामान एवढंच कळत होतं. त्याने रेडिओला कान लावला. "अकरावी म्हणाला. नाही तर अकरा अंश तापमान. नाही, अकरावीच!"

"फेऱ्या किती उरल्या?" सर.

"नऊ."

पुन्हा नाव आलं. "नववी!" खिडक्यांतून आरडाओरडा. "शांत बसा गं, बायांनो!" सुपरवायझरबाई स्वतः सगळ्यांत मोठ्याने ओरडत होत्या. पाच फेऱ्या. "सातवी!" वॉचमन नाचायला लागला. रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, त्याला चौघींनी मिळून गप्प केलं. मावशींचे पाय मात्र स्टुलाखाली चालत होते, शिलाई यंत्राच्या पायट्यावर चालावेत तसे, आणि दर फेरीला वेग वाढत होता. दोन फेऱ्या. खर्र्र्र. आवाज गेला!

"कंडेन्सर!" सर आणि खरखरे एकदम ओरडले. सरांनी उघड्या पाठीतून बोट घातलं, निळा कंडेन्सर दाबून धरला. आवाज आला. बोट सोडलं, गेला. पुन्हा दाबलं, आला. मग सर तसेच राहिले, गुडघ्यांवर, धुळीत. अधूनमधून शॉक बसे आणि ते "आई गं!" म्हणत, पण बोट काढत नव्हते.

घंटा वाजली, शेवटची फेरी. निवेदकाचा आवाज चढत चढत इतका वर गेला की शब्द उरलेच नाहीत, नुसता श्वास आणि नावं, नावं, नावं. त्यांत भिंगरीचं, पुन्हा भिंगरीचं, तिसऱ्यांदा भिंगरीचं! मावशी उभ्या राहिल्या. "पळ!" त्या रेडिओवर ओरडल्या. "पळ गं पोरी, मागे बघू नकोस!" आणि मग गर्दीचा एकच मोठा आवाज, आणि सगळं संपलं.

खरखरे ऐकत होता. "पहिली कुणी भलतीच... दुसरी... तिसरी... चौथी!" त्याने मान वर केली. "मावशी, चौथी! जगात चौथी!"

पदक नव्हतं. कुणाला त्याची आठवणही झाली नाही. चाळीसजणी फाटकापर्यंत धावत आल्या, मावशींना उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मावशी रडत होत्या आणि हसत होत्या, आणि मध्येच थबकून त्यांनी सरांचा हात धरला. तोच, मुंग्या आलेला. "मी ऐकलं, सर. ती पळत होती तेव्हाच ऐकलं."

सर काहीतरी अंशांबद्दल बोलायला लागले, आणि ते मध्येच सोडून गुडघ्यांवरची धूळ झटकू लागले.

परत येताना रिक्षातून आले. मावशी, सर, खरखरे आणि मांडीवर रेडिओ, सायकल टपावर. दुकानाशी पोचले तर साडेसहाला पाच मिनिटं बाकी, आणि सगळी गल्ली खुर्च्या टाकून बसलेली! न्हाव्याने फळीवर लिहिलेल्या साडेसहावर काट मारून साडेपाच केले होते, सरांच्याच खडूने, पण कुणाला वाटलं त्याची नेहमीची चेष्टा. कुणीच त्यावर विश्वास ठेवला नव्हता. चारमिनिटे सर चुकतील?

सर पुढे झाले. "शर्यत झाली," ते म्हणाले. "मी चुकलो." आणि दोन रेघा कशा चुकल्या ते सगळं सांगितलं, बारीक टायपातल्या चार ओळींसकट. तयार होऊन आलेली, मुलंबाळं घेऊन आलेली माणसं. एक आजोबा हिरमुसून म्हणाले, "म्हणजे आम्हाला काहीच ऐकायला मिळणार नाही?"

तेव्हा मावशी उठल्या. पाहता पाहता न्हाव्याच्या दुकानातली उंच खुर्ची बाहेर आली, मावशी तिच्यावर उभ्या राहिल्या, आणि हातात अर्धी कॉलर उंच धरून त्यांनी सुरुवात केली.

"सुटल्या बघा! पंचवीस फेऱ्या! माझी अकरावी. पण अजिबात घाबरली नाही. अंगावर निळी बनियन. पुढे दोन उंच बायका, एकीची वेणी लांबलचक, वाऱ्यावर उडतेय..."

खरखरेने सरांच्या कानात विचारलं, "सर, ही वेणी कुठून आली? मला तर आकडेच कळत होते."

"गप्प ऐक," सर म्हणाले.

मावशी बोलत होत्या आणि गल्ली ऐकत होती. नववी झाली तेव्हा टाळ्या पडल्या. सातवी झाली तेव्हा आजोबा काठी टाकून उभे राहिले. एका वळणावर भिंगरीच्या बुटाची नाडी सुटली, तिने पळता पळता ती बांधली, आणि बायका "अगं बाई!" म्हणून छातीवर हात ठेवून बसल्या. शेवटच्या फेरीत मावशींनी तिला एकामागून एक अशा पाचजणींच्या पुढे काढलं.

सातवीवरून चौथीला येताना पुढे जायचं तिघींच्याच. सरांनी तोंड उघडलं. बायको शेजारी उभी होती, तिने त्यांच्याकडे पाहिलं. सरांनी तोंड मिटलं आणि सगळ्यांच्या आधी, मुंग्या आलेल्या हाताने, टाळ्या वाजवायला सुरुवात केली.